नाथसागराच्या पायथ्याशी

दिवाळीच्या सुट्टीत पैठणला जायचं म्हणजे आधी संत एकनाथांच्या समाधीवर डोकं टेकवायचं आणि मग बाग. हा क्रम आजीने घालून दिला होता. तो मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. भाऊबीज उरकली की आत्या, काकू, आम्ही भावंडं असे सगळे एका टेम्पोत दाटीवाटीने बसायचो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तळाशी गेलेला चिवडा बरोबर असायचा.

मराठवाड्यातल्या आमच्या पिढीने झगमगाट असा फारसा पाहिलाच नव्हता. गावात वीज होती, पण ऐन दिवेलागणीला जायची. दारात पणत्या, ओसरीवर काकाने कामट्यांचा केलेला आकाशकंदील, एवढी आमची रोषणाई. म्हणून म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर जायकवाडीच्या, म्हणजे नाथसागराच्या, धरणाशेजारी उभं राहिलेलं संत ज्ञानेश्वर उद्यान आम्हाला अप्रूपाचं वाटायचं. म्हैसूर घरातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. आमचं वृंदावन हेच.

अंधार पडेपर्यंत धीर निघत नसे. तोवर धरणाचे 27 दरवाजे मोजायचे. प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा आणि भांडण व्हायचं. बाबा सांगायचे, 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. जायकवाडी हे गाव मात्र बीड जिल्ह्यातलं. धरण आधी तिथे व्हायचं होतं, ते पैठणला आलं तरी नाव तेच राहिलं. आमचं लक्ष अर्थातच कारंज्यांकडे.

मग दिवे लागायचे. पाणी लाल व्हायचं, हिरवं व्हायचं, जांभळं व्हायचं. वारा फिरला की तुषार अंगावर यायचे आणि काकू पदर सावरत लहान मुलीसारखी हसायची. घरात तिला असं हसताना आम्ही क्वचितच पाहिलं होतं. आजी दोन्ही हात जोडायची, देवाला की दिव्यांना, ते तिने कधी सांगितलं नाही.

मोठी आत्या मात्र कारंज्यांकडे पाठ करून भिंतीकडे बघत राहायची. तिचं सासर धरणात गेलेलं. शंभराहून अधिक गावांना या पाण्याची झळ बसली, त्यातलं ते एक. "आमचा वाडा त्या अंगाला हाय," एवढंच ती म्हणायची. तरी दरवर्षी यायची, आम्हाला शेंगा सोलून द्यायची. त्याच धरणाच्या डाव्या कालव्याने परभणीकडे, आईच्या माहेरच्या कोरडवाहू रानात पाणी नेलं. मामाचा पहिला ऊस उभा राहिला तेव्हा आत्यानेच त्या उसाची ओटी भरली. एका घराला या धरणाने बुडणंही दिलं आणि पाणीही, आणि आत्या व आई एकाच सतरंजीवर बसून जेवल्या. त्या वयात आम्हाला यातलं काही कळलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

पुढे कारंजी थांबली, बाग वर्षानुवर्षं बंद राहिली. पैठणची ही बाग पुन्हा पूर्ण उजळलीच पाहिजे. मराठवाड्याच्या लेकरांचा तो हक्क आहे. आणि उजळेल तेव्हा तिच्या दाराशी बुडालेल्या प्रत्येक गावाचं नाव दगडात कोरलेलं असावं, दिव्याखाली, रात्रीही वाचता येईल असं.