पळस आणि पाने

पळसाला पाने तीनच, तर मग दुसऱ्या पळसाकडे जायचेच कशाला? हा प्रश्न जँगो हे संकेतस्थळे बांधायचे साधन शिकताना पडावा यात जँगोचा काही दोष नाही. मॉडेल, व्ह्यू, टेम्प्लेट. माहिती साठवायची कशी, मागणी आली की करायचे काय, आणि ते दाखवायचे कसे. एका ट्युटोरियलमध्ये ब्लॉग होतो, दुसऱ्यात कामांची यादी, तिसऱ्यात दुकान. अधिकृत धड्यात मतचाचणी आहे: एक प्रश्न, त्याखाली पर्याय. ती चालतेही. मग कोरी फाइल उघडून मनातले काही करायला बसावे, समजा मोहल्ल्यातल्या वाचनालयाची नोंदवही, तर पहिली ओळ सुचत नाही. कूलरची घरघर ऐकत मी पुढचा व्हिडिओ लावतो.

भाचा परसोडीच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. "मामाजी, सगळीकडे तेच असते ना," तो म्हणाला. म्हणजे पळसच.

पण ही म्हण करणाऱ्याने झाड कधी पाहिले असेल? फाल्गुनात रामटेकच्या वाटेने निघा. पळस पेटलेला असतो आणि त्यावर पान बहुधा एकही नसते. लोक त्याला बघायला जातात ते नेमके तेव्हा. पाने मोजायला कोणी थांबत असेल तर उन्हाळ्यात, कौतुक ओसरल्यावर. शिवाय ती तीन सारखी नसतात. मधले मोठे, बाजूची दोन जराशी कललेली. वनस्पतिशास्त्राला विचारले तर ती तीन पानेच नव्हेत, एका संयुक्त पानाच्या तीन पर्णिका. म्हणजे पळसाला पान एकच? पत्रावळ लावणाऱ्या बाईला हा वाद सांगून पाहावा. तिला काड्यांनी टाचून जेवणाचे ताट करायचे आहे. तिच्या हाताखालून किती पाने गेली असतील, आणि तिने एकदा तरी तीन मोजली असतील का?

तिच्यामुळे मला लॉरेन्स आठवते, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले. जँगो तिथल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत 2003 साली आकाराला येऊ लागले. आज सांगितलेले पान उद्या, कधी काही तासांतच, वाचकांपुढे हवे, अशा घाईत तिथली मंडळी एकामागून एक संकेतस्थळे बांधत होती. जे पुन्हा पुन्हा करावे लागे ते त्यांनी वेगळे काढले, आणि 2005 मध्ये ते जगाला मोकळे झाले. त्यांना तीन पाने दिसली ती बरेच रान तुडवल्यावर. मला ती पहिल्याच धड्यात मिळाली. म्हण तीच, पण त्यांच्या तोंडी ती अनुभव आणि माझ्या तोंडी सबब?

इतके सरळही नसावे. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मराठीतूनही धडे देतो. धडा साधारण दहा मिनिटांचा. बघायचे, थांबवायचे, शेजारच्या खिडकीत तसेच्या तसे करायचे. गिरवणे वाया जाते असे तो प्रकल्प मानत नाही. आमची अक्षरेही पाटीवर गिरवूनच वळली. मात्र गिरवणे संपून लिहिणे कधी सुरू झाले, ते कोणाला सांगता येईल?

मध्येच फ्लास्क हे तशाच कामाचे दुसरे साधन उघडून पाहिले. 2010 च्या एक एप्रिलला थट्टा म्हणून सुरू झालेल्या गोष्टीतून ते निघाले. त्यात डेटाबेससाठी स्वतःचे मॉडेल नाही. पाने दोनच, म्हण खोटी, म्हणून मला बरे वाटले. मग त्याचा धडा पुढे वाचला. तिथे तक्ते वेगळ्या फाइलीत हाताने लिहायचे होते. तिसरे पान होते, फक्त मी लावायचे होते.

की एव्हाना मला तीनच मोजता येतात? एखादे चौथे समोर असेल तर ते मी तिन्हींपैकी कशात तरी ढकलून देत असेन. वाचनालयाच्या नोंदवहीत पुस्तक आहे, सभासद आहे, आणि पुस्तक नेऊन परत न आणणारा माणूस आहे. त्याला मॉडेलमध्ये घालावे की व्ह्यूमध्ये, हे अजून कोणत्याच व्हिडिओत आलेले नाही. कदाचित पुढच्यात असेल.