पाद्री, कारकून आणि मानेची ओळ

पाद्र्याच्या पांढऱ्या कॉलरला इंग्रजीत जे विशेषण लागतं, तेच ऑफिसातल्या 'क्लेरिकल मिस्टेक'लाही लागतं. हे नातं भक्तीतून आलं असेल, असं कुणालाही वाटेल. मूळ ग्रीक 'क्लेरॉस' म्हणजे वाट्याला आलेला हिस्सा. बायबलमधल्या लेवी वंशाला जमिनीत वाटा नव्हता, परमेश्वर हाच त्यांचा वाटा. धर्मसेवकाच्या नावाचा संबंध जुने टीकाकार याच्याशी जोडत. (जमीन नाही, नेमून दिलेल्या उत्पन्नावर गुजराण, हे वर्णन कारकुनालाही चपखल बसतं!) पण चर्चमध्ये जन्मलेल्या या शब्दाला कचेरीत आणलं ते अक्षरानं, श्रद्धेनं नव्हे. याची साक्ष इंग्लंडची फौजदारी न्यायालयं देतात. धर्मसेवकाला राजाच्या कोर्टाची फाशी लागू नसे. पण धर्मसेवक ओळखायचा कसा? वाचता येणं हीच हळूहळू खूण ठरली. आरोपीनं बहुधा बायबलमधल्या 51व्या स्तोत्राची एक ओळ वाचून दाखवायची, की सुटला. त्या ओळीला लोक 'मानेची ओळ' म्हणत. निरक्षर चोरही ती घोकून येत. 1489 साली कायदा झाला: दीक्षा न घेतलेल्याला ही सवलत एकदाच, आणि ती घेतल्याची खूण म्हणून अंगठ्यावर डाग. 1598मध्ये नाटककार बेन जॉन्सननं द्वंद्वात एका नटाला ठार केलं आणि वाचनाच्या जोरावर फाशी चुकवली. अंगठा मात्र डागला गेला. जॉन्सन काही पाद्री नव्हता.

यावर कुणी म्हणेल, वाचायला शिकवत होतं तरी कोण? चर्चच ना? खरं आहे. राजाच्या दप्तरातले लेखनिकही बरेचसे चर्चचेच असत. राजा त्यांना चर्चची उत्पन्नं लावून देई, म्हणजे खजिन्याला तोशीस नाही. पण शब्दाची खरी निष्ठा कळते ती चर्च आणि अक्षर यांची फारकत झाल्यावर. छापखाने आले, शाळा वाढल्या, चर्चबाहेरचे लोक हिशेब-पत्रव्यवहार पाहू लागले, आणि 'क्लेरॉस'मधूनच आलेला 'क्लार्क' हा शब्द झग्याला सोडून लेखणीमागे गेला. (आपला 'कारकून' फारसीतून आला तो नुसता काम करणारा म्हणून, देवाधर्माशी त्याचं देणंघेणं नव्हतंच.) वाचनाची ती परीक्षा 1706मध्ये गेली, उरलीसुरली सवलत 1827मध्ये. इंग्लंडच्या चर्चचा पाद्री कायद्याच्या कागदावर मात्र आजही 'क्लार्क इन होली ऑर्डर्स' असतो. नुसतं 'क्लार्क' लिहिलं तर लोक त्याला टेबलामागे शोधतील, म्हणून पवित्र दीक्षेचं शेपूट जोडावं लागतं.