नियम आडनाव बघून लावायचा का?

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. नळाला पाणी कधी येणार, लाईट का गेली, एवढ्यासाठी काढलेला ग्रुप. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा अपहरण करून खून झाला आणि बीड जिल्ह्यातल्या अनेक ग्रुपांसारखा आमचाही ग्रुप पेटला.

कमरेला पिस्तूल लावलेल्यांचे फोटो, हवेत गोळीबाराचे व्हिडिओ यायला लागले. एवढे परवाने दिले कुणी, हा प्रश्न रास्तच होता. पुढं छाननी झाली, बरेच परवाने रद्दही झाले. पण ग्रुपवर प्रश्न परवान्याचा राहिलाच नाही, जातीचा झाला.

मार्च २०२५ मध्ये खुनाचे फोटो बाहेर आले. मी दिसेल तो डिलीट करत गेलो. "सत्य दाबताय का?" असं काहींनी विचारलं. मी एवढंच लिहिलं, त्यांची लेकरं मोबाईल बघतात.

तोवर ठीक होतं. मग पलीकडच्या वस्तीतल्या एका पोरानं हातात पिस्तूल घेऊन रील टाकली. खरं की खेळण्यातलं, तेही विचारलं नाही. पाच मिनिटांत त्याला काढून टाकलं. पुढच्याच आठवड्यात माझ्या पुतण्याचा वाढदिवस झाला. कोयत्यानं केक कापला, व्हिडिओ ग्रुपवर. मी बघितला आणि म्हटलं, जाऊ दे, पोरांची हौस.

दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेतल्या गुरुजींचा फोन. "काय रे, त्या पोराला पाच मिनिटांत काढलंस. पुतण्याचा व्हिडिओ कालपासून तसाच आहे. नियम आडनाव बघून लावतोस का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

व्हिडिओ काढला. त्या पोराला फोन करून माफी मागितली, परत ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपवर झालेली चूक लिहिली. थोरला भाऊ महिनाभर बोलला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय, दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला सरसकट दोषी धरता येत नाही. ठीक. पण मेसेजनं काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवावं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरली आणि १ जुलै २०१८ ला भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं.

आता आमच्याकडं नियम साधा आहे. पिस्तूल, तलवार, कोयता मिरवणारी पोस्ट दिसली की काढायची, घरच्याची असली तरी. परवाना, पोलीस, पुढारी यांच्यावर खुशाल टीका करा, जातीवर नाही. आणि दुसरा ॲडमिन पलीकडच्या वस्तीतला. माझं चुकलं तर तो माझीही पोस्ट काढतो. दोनदा काढलीय.

तुमच्या ग्रुपवर ॲडमिन कोण कोण आहेत, एकदा बघा. सगळे एकाच आळीतले असतील तर आधी तेवढं बदला.