पालकांच्या विनंतीवरून

गेल्या उन्हाळ्यात, शाळेचे निकाल लागून आठवडा झाला असेल-नसेल, आमच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका एक कागद घेऊन धर्मग्रामाच्या कचेरीत आल्या. शाळा सोडल्याचा दाखला होता तो. दाखल्यावर सही करणे हे मुख्याध्यापिकांचे काम. व्यवस्थापक म्हणून आमच्यापर्यंत असे कागद सहसा येत नाहीत. परंतु हा दाखला आमच्या सख्ख्या भाचीच्या मुलीचा होता. पहिली पास झालेली ती चिमुरडी आता दोन गावे पलीकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणार होती. "फादर, घरचीच मुलगी गेली, तर बाकीच्यांना आम्ही कोणत्या तोंडाने थांबवायचे?" एवढेच बाई म्हणाल्या आणि कागद मेजावर ठेवून उभ्या राहिल्या.

त्यांची चिंता खोटी नव्हती. पहिलीच्या वर्गात अवघी चौदा मुले. संचमान्यतेच्या वेळी पट मोजला जातो. पट घसरला की शिक्षकाचे पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि शिक्षक गेला की उरलेले पालकही दाखले मागू लागतात. ज्या शाळेत आम्ही 'श्री' गिरवला, जिच्या भाषेत आम्ही आजवर प्रवचने केली, तशाच एका शाळेचा दिवा आपल्या कारकिर्दीत विझावा, हे दुःख कोणा धर्मगुरूला सोसवेल? आम्हांला राग आला, हे येथे कबूल केले पाहिजे. भाचीला निरोप धाडला की दाखला नेण्यापूर्वी भेटून जा.

आणि मग त्या रात्री झोप लागेना. कारण पालकसभांतून, विवाहपूर्व शिबिरांतून गेली वीस-पंचवीस वर्षे आम्ही एकच गोष्ट सांगत आलो आहोत: मुलाने कोणत्या शाळेत जावे, हे ठरविण्याचा पहिला हक्क आईबापांचा आहे, सरकारचा नाही, शाळेचा नाही आणि धर्मगुरूचाही नाही. हे मत आम्ही सेमिनरीतून आणले, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे ते घरातून आले.

आमचे बाबा वाडीवाले. पहाटेच्या गाडीने केळी आणि फुले दादरला न्यायची, दुपारी परतून वाडीला पाणी धरायचे, हा त्यांचा आयुष्यक्रम. शिक्षण चौथीपर्यंत. आम्ही तीन भावंडे: सर्वांत मोठी बाय, मधले आम्ही आणि आमच्या पाठचा धाकटा. तिघेही गावच्या मिशनच्या शाळेत जात असू. दुसरा विचार करण्याची पद्धतच नव्हती. चर्च एक, तशी शाळा एक.

धाकट्याची मात्र त्या शाळेत फार परवड झाली. तीन लिहायला सांगितले की तो सहा लिही. पाटीवर त्याची अक्षरे उलटी उमटत. आज याला अध्ययन अक्षमता म्हणतात, त्यासाठी तपासण्या होतात, परीक्षेत सवलती मिळतात; त्या काळी त्याला 'ढ' म्हणत. वर्गात साठांहून अधिक मुले. बाई दुष्ट मुळीच नव्हत्या. त्यांना वेळ नव्हता. दुसरीत तो दोनदा नापास झाला. रात्री झोपेत दचकून उठे आणि पाढे पुटपुटत राही. आई त्याच्या कपाळावर क्रूस काढून त्याला पुन्हा निजवी.

शिवाराच्या पलीकडे जिल्हा परिषदेची एक लहानशी शाळा होती. दोन खोल्या, एक गुरुजी, पंचवीस-एक मुले. हे गुरुजी सायंकाळी कधी कधी आमच्या वाडीवर केळी घ्यायला येत. एकदा त्यांनी धाकट्याला लोंगरातील फण्या मोजताना पाहिले. तो तोंडी हिशेब झरझर करी. चुके ते फक्त लिहिताना. गुरुजी बाबांना म्हणाले, "पोर हुशार आहे. माझ्याकडे द्या." १९८१ च्या जूनमध्ये बाबांनी त्याचे नाव मिशनच्या शाळेतून काढले.

गावात त्याचा बराच गवगवा झाला. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात त्या वेळच्या धर्मगुरूंनी बाबांना थांबवले. आम्ही बाबांच्या शेजारीच उभे होतो. "ख्रिस्ती मुलाला ख्रिस्ती शाळेतून काढून पंचायतीच्या शाळेत घालतोस? त्याच्या धर्मशिक्षणाचे काय?" बाबा मान खाली घालून ऐकत होते. आमच्या बाबांनी फादरांपुढे तोंड उघडल्याचे आम्ही तोवर पाहिले नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "फादर, रविवारच्या धर्मशिक्षणाला मी स्वतः त्याला आणून सोडीन. पण पोर रात्री झोपेत घाबरून उठतं, ते तुम्ही बघितलेलं नाही."

फादर भले होते. पुढे ते कधी काही बोलले नाहीत. बाबांनीही शब्द पाळला. पावसाळ्यात चिखल तुडवीत ते धाकट्याला धर्मशिक्षणाच्या वर्गाला आणीत आणि तास संपेपर्यंत ओटीवर बसून राहत. गुरुजींनी त्या मुलाला वाळूत बोटाने अक्षरे काढायला लावली, चिंचोक्यांवर गणित शिकवले. तो सातवी झाला, पुढे आयटीआयला गेला. आज वसईत पंप दुरुस्तीचे त्याचे दुकान आहे आणि तो आमच्यापेक्षा अधिक सुखी आहे, असे आम्हांला कधी कधी वाटते.

ही हकिकत आम्ही पालकसभांत अनेकदा सांगितली आहे. दुसरी हकिकत कधी सांगितली नाही.

बाय आमच्या तिघांत सर्वांत हुशार. १९७७ साली ती सातवी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. सिस्टरांच्या एका वसतिगृहशाळेत तिला सवलतीत घ्यायला तयार होते. तशी चिठ्ठीच घरी आली होती. परंतु आई आजारी, वाडीत माणूस नाही, आणि दोन लहान भाऊ सांभाळायचे. बाबांनी तिला घरी बसवले. तिने रडून पाहिले, एक दिवस जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून चुलीला लागली. ते दोन लहान भाऊ म्हणजे आम्हीच. आमचे गणवेश तिने धुतले, आमच्या वह्यांना तिने पुठ्ठे घातले, आणि आम्ही सेमिनरीत निघालो तेव्हा पेटीत सुकेळ्यांची पुडी तिनेच ठेवली.

तेव्हा कोणी आम्हांला विचारील: आईबाप चुकतात, हे तुमच्याच घरी घडले असताना निवडीचा हक्क त्यांच्याच हाती का? आम्ही स्वतःलाही हे पुष्कळदा विचारले आहे. आमचे उत्तर अपुरे असेल, पण ते असे आहे. चुकलेला बाप त्याच घरात, त्याच मुलीने वाढलेल्या ताटावर रोज जेवायला बसतो. ती चूक त्याला दिसत राहते. चार वर्षांनी धाकट्यासाठी फादरांपुढे उभे राहण्याचे बळ बाबांना बायकडे पाहूनच आले असावे, असा आमचा तर्क आहे. बाबांनी तो कधी मान्य केला नाही, नाकारलाही नाही. एवढे खरे की बायला मुलगी झाली आणि शाळेत जाऊ लागली, तेव्हा दर जूनमध्ये तिची पुस्तके बाबाच आणून देत. तीच मुलगी आज परिचारिका आहे, आणि तिच्याच लेकीचा दाखला आमच्या मेजावर पडून होता.

आमच्या ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. मुलांना शिक्षण देण्याचा मूळ आणि अहरणीय हक्क व कर्तव्य आईवडिलांचे असून शाळा निवडण्याचे खरेखुरे स्वातंत्र्य त्यांना असले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७९७ वे कलम तेच सांगते. लगेच पुढचे कलम असे की, पालकांनी मुलांना शक्यतो कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावे. ते न जमल्यास शाळेबाहेर त्या शिक्षणाची सोय करावी. सेमिनरीत हे कलम प्रथम वाचले, तेव्हा पावसात ओटीवर बसलेले बाबा डोळ्यांपुढे आले. त्यांनी ते दोन वर्षे आधीच पाळले होते.

देशाचा कायदाही पालकांचा हा हक्क ओळखतो. कर्नाटक सरकारने १९९४ साली पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत वा कन्नडमध्येच द्यावे, असा आदेश काढला होता. शाळांवर अशी माध्यमसक्ती करता येत नाही, मुलाच्या वतीने ही निवड पालकांची, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी ठरवले. मराठीवर प्रेम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा निकाल गोड लागला नाही. पण तो योग्य होता.

त्याच दिवशी त्याच घटनापीठाने दुसराही निकाल दिला: २००९ चा शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही. म्हणजे विनाअनुदानित खाजगी शाळांनी दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवाव्यात, हे बंधन आम्हांला नाही. (सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.) घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेले स्वातंत्र्य आम्हांला प्रिय आहे. तथापि वाचकहो, मनाला एक टोचणी लागून राहते. आदिवासी पाड्यावरच्या बापाला आमच्या समाजाच्या इंग्रजी शाळेची फी परवडत नसेल, तर त्याच्या निवडीच्या हक्काला अर्थ काय? परिषदेच्या त्याच घोषणापत्राने सरकारी साहाय्य असे वाटावे म्हटले आहे की, पालकांना खरोखर निवडता यावे. सरकारने वाटावे, हे आपण मोठ्याने सांगतो. आपल्या शाळांत किती जागा अशा मुलांसाठी मोकळ्या आहेत, हे मात्र हळू बोलतो.

भाची दुसऱ्या दिवशी आली, सोबत बाय. चारचौघांत बाय आम्हांला 'फादर' म्हणते, घरात 'तू'. त्या दिवशी कचेरीत असूनही ती 'तू' म्हणाली. आम्ही भाचीला मराठीचे महत्त्व सांगितले, पटाची अडचण सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "मामा, गोरेगावच्या सेमिनरीत पहिली दोन वर्षं तत्त्वज्ञानाचे तास अर्धेच कळायचे, रात्री शब्दकोश घेऊन रडायचो, हे तुम्हीच सांगितलंत ना? मला नर्सिंगला तेच झालं. माझ्या मुलीला ते नको. घरी ती मराठीच बोलेल, वाचेलही. ते माझ्याकडे लागलं."

यावर आमच्याकडे उत्तर होते. भक्कम पाया मातृभाषेतच रचला जातो, असे आम्ही मानतो, आणि ते आम्ही तिला सांगितलेही. तिने ऐकून घेतले. पण निर्णय बदलला नाही. आणि तो बदलण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता. आम्ही मुख्याध्यापिकांना बोलावून दाखल्यावर सही करण्यास सांगितले. पटाचे आपण पाहू, पाड्यावर घरोघर जाऊ, असेही म्हटले. गेल्या जूनमध्ये तसे गेलोही; तीन मुले आली.

भाची दाखला पर्समध्ये ठेवू लागली तेव्हा बायने तो मागून घेतला. चष्मा लावून ती ओळीवर बोट ठेवीत वाचू लागली. नाव, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी तिचे बोट थांबले. लिपिकाने नेहमीच्या सवयीने लिहिले होते: पालकांच्या विनंतीवरून.

"माझ्या दाखल्यावर पण हेच लिहिलं होतं," बाय म्हणाली, आणि कागद नीट घडी करून तिने लेकीच्या हातात दिला.