शेपर्डचा निरोप

‘मास इफेक्ट ३’चा शेवट फसला, असं २०१२ साली जगभर बोललं गेलं. मी तो नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग होस्टेलवर पाहिला. माझ्या मते शेवटची दहा मिनिटं फसली, शेवट नाही.

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा हा तीन भागांचा व्हिडिओ गेम. पहिला भाग २००७ चा. दर पन्नास हजार वर्षांनी रीपर नावाची महाकाय यंत्रं येतात आणि आकाशगंगेतल्या प्रगत जमाती संपवतात. त्यांना अडवायचं काम कमांडर शेपर्डचं, म्हणजे आपलं. आपण कुणाला वाचवलं, कुणाला मरू दिलं, ते सेव्ह फाइलमधून पुढच्या भागात येतं. माझी ती फाइल पेनड्राइव्हमध्ये असायची. सुट्टीत लातूरला घरी, सुट्टी संपली की अहमदपूर-लोहा मार्गे एसटीनं परत नांदेडला. तिसऱ्या भागात क्रोगन जमातीचा योद्धा रेक्स माझ्या बाजूनं उभा राहिला, कारण पहिल्या भागात, विरमायर ग्रहावर, बंदूक न चालवता मी त्याची समजूत काढली होती. शास्त्रज्ञ सोबती मॉर्डिननं रेक्सच्या जमातीची जननक्षमता रोखणाऱ्या आपल्या जुन्या कामाची भरपाई म्हणून जीव दिला, तेव्हा मला पुढे खेळवेना.

मग लंडनमधली शेवटची लढाई. चिलखत जळालेलं, हातात फक्त पिस्तूल आणि शेपर्ड लंगडत चाललेला.

“अरे, पळव ना त्याला!” उदगीरचा मित्र मागून ओरडला.

बटण दाबूनही तो पळत नव्हता. हळूहळू खोलीतली कुजबुजही थांबली. त्यानंतर शेपर्ड आणि त्याचा जुना वरिष्ठ अँडरसन शेजारी शेजारी बसतात, समोर पृथ्वी दिसते. मला तुझा अभिमान वाटतो, असं म्हातारा सांगतो आणि शांत होतो. माझ्यासाठी खेळ तिथे पूर्ण झाला.

त्यापुढे एक यंत्र लहान मुलाच्या रूपात येतं आणि तीन वाटा दाखवतं: लाल, निळी, हिरवी. कोणतीही घ्या, पुढचं दृश्य जवळजवळ तेच, रंग तेवढा वेगळा. सप्ताहभर रमलेल्या श्रोत्यांना काल्याच्या कीर्तनात बुवांनी दोन वाक्यांत उठवावं, तसं झालं. चाहत्यांनी बायोवेअरला तीन रंगांचे, पण एकाच चवीचे चारशेवर कपकेक पाठवले. हा निषेध मला फार आवडला, कारण त्यात राग होता तसं प्रेमही होतं. जूनमध्ये कंपनीनं वाढवलेला शेवट मोफत दिला. त्यात सोबती शेपर्डच्या नावाची पाटी जहाजावरच्या स्मृतिभिंतीवर लावायला जमतात. हा निरोप आधीच द्यायला हवा होता.

२०२१ च्या ‘लेजेंडरी एडिशन’मध्ये तिन्ही भाग या वाढीव शेवटासह एकत्र मिळतात. पहिल्यापासून खेळा, थेट तिसऱ्यावर उडी मारू नका. श्रेयनामावली सुरू झाली तरी उठू नका. त्यानंतर एक म्हातारा नातवंडाला शेपर्डची गोष्ट सांगतो. तो आवाज चंद्रावर उतरलेल्या दुसऱ्या माणसाचा, बझ ऑल्ड्रिन यांचा आहे.