रहबामाची मसलत आणि सुरतेची फूट

लंडन मिशनरी सोसायटीच्या स्किनर आणि फाय्वी या पाद्र्यांनी ज्या सुरत शहरात बसून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बायबलचा गुजराती तर्जुमा सिद्ध केला, त्याच शहरात पुढे डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रीय सभा दुभंगली. आणि म्हणूनच की काय, जुन्या करारातील रहबाम राजाची कथा सुरतेच्या मुक्कामात वाचताना माझे मन तापीकाठच्या त्या मंडपाकडे वारंवार ओढले जाते.

शलमोनाच्या पश्चात त्याचा पुत्र रहबाम राज्यारोहणासाठी शखेमला गेला, तेव्हा बापाने लादलेली वेठ थोडी हलकी करावी, एवढाच अर्ज रयतेने गुदरला. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली आणि बापाच्या पदरी राहिलेल्या वृद्ध मंत्र्यांना विचारले, येथवर त्याचे सारे उचितच होते. नमते घेऊन गोड बोललास तर ही माणसे जन्मभर तुझी राहतील, असा त्या अनुभवी मंडळींचा अभिप्राय पडला. परंतु तो झिडकारून, बरोबरीने वाढलेल्या तरुण सोबत्यांच्या भरीस पडून, त्याने बापाहून अधिक कठोर होण्याची धमकी भर सभेत दिली. दहा वंश फुटून निघाले, वेठीवरचा अंमलदार अदोराम लोकांच्या दगडांखाली मेला, आणि राजाने रथात चढून यरुशलेम गाठले.

सल्लागारांची वाण रहबामाला कधीच नव्हती. अप्रिय वचन शांतपणे ऐकून घेण्याचे धैर्य मात्र त्याच्यापाशी नव्हते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने निवाडे करीत बसलेल्या मोशेला, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील, असे त्याचा सासरा इथ्रो याने बजावले, आणि साक्षात ईश्वराशी बोलणाऱ्या त्या पुरुषाने ते निमूटपणे मान्य करून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमले. दावीदाने तर आपल्या पापाचा उच्चार तोंडावर करणाऱ्या नाथानाला शासन न करता स्वतःची मान खाली घातली. नेत्याचे मोठेपण बायबल अशा प्रसंगी पारखते.

राष्ट्रीय सभेच्या १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाई नौरोजींच्या वडीलकीमुळे नेमस्त आणि राष्ट्रीय हे दोन्ही पक्ष सावरले गेले आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव संमत झाले. वर्षभरात ते ठराव पातळ केले जाणार, या संशयाने सुरतेत राष्ट्रीय पक्ष धास्तावला. तंटा टळावा म्हणून लाला लजपतराय अध्यक्षपदाच्या चढाओढीतून दूर राहिले. अध्यक्षांच्या निवडीवेळी आपणास बोलावयाचे आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्याकडे धाडली, आणि ती अनुत्तरित राहिली. २७ डिसेंबरला टिळक व्यासपीठावर चढले. खुर्च्या उचलल्या गेल्या. सभेतून आलेला एक मराठी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. आणि त्या गदारोळात टिळकांना इजा पोहोचू नये म्हणून गोपाळराव गोखले हात पसरून त्यांच्याजवळ उभे राहिले.

त्या मंडपातील कोणाही एकाला रहबाम ठरविण्याचा अधिकार मी घेत नाही. जे टिळक आणि गोखले संकटात एकमेकांच्या इतके निकट येऊ शकत होते, त्यांच्या पक्षांना आदल्या दिवशी एका बैठकीवर बसवून दोघांनीही ऐकावे असा वडील माणूस सुरतेत नव्हता, याचे मात्र मला फार दुःख होते. १९०८ मध्ये टिळक मंडालेच्या वाटेला लागले; लखनौस १९१६ मध्ये दिलजमाई झाली, तेव्हा गोखले आणि मेहता दोघेही हयात नव्हते.

रहबामाच्या कथेचा उत्तरभाग फारसा सांगितला जात नाही. फुटलेल्या वंशांवर चाल करण्यासाठी त्याने एक लाख ऐंशी हजारांची फौज जमविली असता, भाऊबंदांशी लढू नका, असा निरोप देवाचा माणूस शमाया याने आणला, आणि या खेपेस राजाने तो ऐकला. राज्य परत जुळले नाही. तरीपण त्या दिवशी भावाच्या हातून भावाचा वध टळला, आणि उशिरा ऐकलेल्या हितवचनाचेही एवढे मोल असेल, तर वेळीच ऐकणाऱ्या नेत्याकडून प्रजेचे किती कल्याण होत असेल!