शेवटचा कधी दिसला?

काही बंद पडल्यावर रात्री दोनला होणाऱ्या ब्रिज कॉलवर कुणी सर्व्हरचं नाव नीट सांगेल ही अपेक्षाच ठेवू नये. “तो पेमेंटवाला हो,” “झीरो-फोर,” “मागच्या महिन्यात पॅच केला ना, तोच,” असल्या खुणांवरून शोध सुरू होतो. फारच नेटका माणूस असेल तर आयपी सांगतो, तोही शेपटाकडून: “एकशे सत्तावीस बघा, मॅडम.” ज्यांना नाव पाठ असतं ते इतक्या घाईत म्हणतात की पी, टी, डी, बी यांतलं कुठलं अक्षर ते कळत नाही, आणि सगळं अडतं ते त्याच अक्षरावर. आमच्याकडच्या नावांत आधी शहर, मग एक अक्षर, मग कामाचं आखूड रूप आणि शेवटी आकडा. ते अक्षर पी असेल तर प्रॉडक्शन, टी असेल तर टेस्ट, डी असेल तर डेव्हलपमेंट. “पी फॉर पुणे की टी फॉर ठाणे?” हे विचारल्याशिवाय मी कीबोर्डला हात लावत नाही. समोरचा वैतागतो. वैतागू दे. टेस्टच्या यंत्राचे लॉग अर्धा तास चाळण्यापेक्षा ते परवडलं.

१९९० साली डॉन लिब्स यांनी आरएफसी ११७८ हे छोटंसं टिपण लिहिलं. विषय एकच: संगणकाला नाव कसं ठेवावं. प्रकल्पावरून ठेवू नका, अक्षरं-आकड्यांची खिचडी करू नका, त्यापेक्षा रंगांची वगैरे एखादी मालिका धरा, असं त्यात सांगितलंय. मोठ्या कंपन्यांनी बरोबर उलटं केलं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? हजारो यंत्रांना पुरतील एवढे रंग आणायचे कुठून! त्यात विंडोजच्या जुन्या नियमामुळे नाव पंधरा अक्षरांत कोंबायचं. मग प्रॉडक्शनमधून काढून टेस्टला दिलेल्या यंत्राच्या नावातला पी जन्मभर तसाच राहतो, कारण नाव बदललं तर काय काय तुटेल याची खात्री कुणालाच नसते.

माझं काम सीएमडीबी, म्हणजे कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस, सांभाळण्याचं. कंपनीच्या प्रत्येक सर्व्हरची, डेटाबेसची, लोड बॅलन्सरची, ॲपची एकेक नोंद, जिला आम्ही सीआय म्हणतो. आणि त्याहून महत्त्वाचं, कोण कुणावर चालतं, कोण बसलं तर कोण बसेल, याच्या नोंदी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने आयटीआयएलची, म्हणजे आयटी सेवा कशा चालवाव्यात याची, पुस्तकं काढायला सुरुवात केली, तेव्हापासून ही कल्पना रुळली. नोंद कशी करावी, मंजुरी कुणाची घ्यावी, यावर प्रशिक्षणंच प्रशिक्षणं झाली. केलेली नोंद वाचायची कशी, हे मात्र मला कुठल्या वर्गात शिकवल्याचं आठवत नाही. ते कॉलवर बसून शिकले.

शोधायची चौकट सगळ्यांनाच दिसते. आमच्या टूलमध्ये रकान्यावर नुसतं टाइप केलं तर ते नावाच्या सुरुवातीपासून जुळवतं. मधला तुकडा शोधायचा तर आधी स्टार टाकावा लागतो. नवी मुलं स्टार विसरतात आणि बिनधास्त सांगतात, “मॅडम, असा सर्व्हरच नाहीये.” आयपीवरून शोधलं तर वेगळी गंमत. दहाने सुरू होणारे पत्ते खासगी. १९९६च्या आरएफसी १९१८प्रमाणे ज्याने त्याने आपापल्या नेटवर्कमध्ये वापरायला मोकळे. एका कंपनीने दुसरी विकत घेतली की तोच पत्ता दोन जागी निघतो, आणि दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या असतात.

सापडलेल्या ओळीत मी नाव सर्वांत शेवटी वाचते. आधी स्टेटस, मग नोंद कुठून आली, मग शेवटच्या डिस्कव्हरीची, म्हणजे स्कॅनरने नेटवर्कवर ते यंत्र पाहिल्याची, तारीख, मग शेवटचा हात कुणी लावला. सीएमडीबीतली ओळ म्हणजे कुणीतरी दिलेली साक्ष. साक्षीदार कोण आणि त्याने शेवटचं कधी पाहिलं, हे कळल्याशिवाय त्यात काय लिहिलंय याला अर्थ नाही. काल रात्री स्कॅनरने पाहिलेला सर्व्हर आणि तीन वर्षांपूर्वी कुणीतरी एक्सेलमधून चढवलेला सर्व्हर स्क्रीनवर शेजारी शेजारी, एकाच फॉन्टमध्ये दिसतात. दोघांपुढे हिरव्या अक्षरांत ‘ऑपरेशनल’.

स्कॅनर तरी खोटं बोलत नाही, असं लोकांना वाटतं. बोलत नाही, पण त्याला दिलेल्या पासवर्डने जेवढं उघडतं तेवढंच तो पाहतो. पासवर्डची मुदत संपली की एका रात्रीत अख्खा विभाग त्याच्या लेखी दिसेनासा होतो. कधी कधी तर तो जे पाहतो त्यावरच त्याने विश्वास ठेवायला नको होता असं निघतं. मदरबोर्ड बनवणाऱ्याने बायोसमध्ये सीरियल नंबरची जागा रिकामी ठेवलेली असते, आणि तिथे इंग्रजीत तयार मजकूर असतो: ‘टू बी फिल्ड बाय ओ. ई. एम.’ म्हणजे पुढे यंत्र विकणाऱ्याने भरावं. विकणाऱ्याने भरलं नाही. स्कॅनरने ते वाक्य हाच सीरियल नंबर धरला, आणि असली जेवढी यंत्रं होती ती सगळी एकच आहेत असं ठरवलं. एका नोंदीचा इतिहास मी उघडला तर तिचं होस्टनेम दर रात्री बदलत होतं. सोमवारी स्टोअरमधलं यंत्र, मंगळवारी रिसेप्शनवरचं, बुधवारी पुन्हा स्टोअरमधलं. प्रत्यक्षात सगळी यंत्रं आपापल्या टेबलाखाली गप बसलेली, आणि आमच्याकडे एकटी नोंद रोज जागा बदलतेय! असले सीरियल नंबर ओळखून बाजूला काढायची यादी आम्ही आता ठेवतो. ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ हाही त्यातलाच.

माणसाने भरलेल्या रकान्यांची तऱ्हा निराळी. सर्वांत जास्त अब्रू जाते ती ‘ओनर’ या रकान्याची. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर नाव त्यांचंच, तसं इथे. साहेब कंपनी सोडून गेले, टीम विसर्जित झाली, तरी सर्व्हर त्यांच्याच नावावर. फेरफार करायला कुणी तलाठ्याकडे जात नाही, कारण भांडण लागेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. म्हणून मी ओनर वाचत नाही. हिस्टरीचा टॅब उघडते, गेल्या वर्षात त्या यंत्रावर चेंज कुणी टाकले ते बघते आणि त्या माणसाला फोन लावते. बहुधा खरा मालक तोच निघतो, त्याला स्वतःला ते माहीत नसलं तरी.

रिकामं आलेलं उत्तर वाचणं याहून अवघड. ‘नो रेकॉर्ड्स’ दिसलं म्हणजे टाइप करण्यात चूक असेल, मला पाहायची परवानगी नसेल, किंवा वस्तू भलत्याच क्लासमध्ये नोंदलेली असेल. खरोखरच नसण्याची शक्यता यानंतरची. वरिष्ठांना मात्र ती पहिली वाटते, कारण तीच सोयीची.

डिसेंबर २०२१मध्ये याची परीक्षाच झाली. ९ तारखेला लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतलं भगदाड जगजाहीर झालं, सीव्हीई-२०२१-४४२२८. शुक्रवारी सकाळी जिथे तिथे एकच प्रश्न: आपल्याकडे हे कुठे कुठे आहे? सॉफ्टवेअरच्या टेबलात ‘लॉगफोरजे’ टाकून शोधलं तर चिमूटभर ओळी. काहींना हायसं वाटलं. पण ती लायब्ररी कुणी वेगळी इन्स्टॉल करतच नाही. ती ॲपच्या फायलीच्या पोटात असते, कधी त्या फायलीच्या पोटातल्या फायलीत; आणि स्कॅनर वाचतो ती इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅमांची यादी. म्हणजे जे हवं होतं ते त्या नावाने नोंदलेलंच नव्हतं.

मग उलट्या बाजूने निघालो. जावा कुठे कुठे चालतं ते काढलं. त्यांतली बाहेरच्या जगाला उघडी कुठली, ते लोड बॅलन्सरकडून मागे मागे येत शोधलं. विकत घेतलेली उत्पादनं वेगळी केली, कारण त्यांच्या पोटात काय आहे ते त्यांचे व्हेंडरच सांगणार. हे होईतो २.१५ व्हर्जन आलं, आठवडा-दीड आठवड्यात २.१६ आणि २.१७ही आली, आणि दर वेळी तीच यादी नव्याने तपासायची. या धावपळीत सीएमडीबीने लॉगफोरजे शोधून दिलं नाही. कुणाला फोन करायचा ते दिलं, आणि तेवढ्याने बरंच भागलं.

शोधणं आणि फिरणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. शोधायला प्रश्न ठाऊक असावा लागतो. कामाचा जोर ओसरल्यावर मी नुसती फिरते: एखादा क्लास उघडायचा, ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे गट पाडायचे, टोकाचे गट बघायचे. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८चा आधार १४ जानेवारी २०२०ला काढून घेतला, तरी त्या गटाचा आकडा शून्यावर आलेला मी अजून पाहिलेला नाही. प्रत्येक उरलेल्या यंत्रामागे एक गोष्ट असते, आणि ती सांगणारा माणूस साधारणपणे निवृत्तीच्या जवळ आलेला असतो.

असंच फिरताना एका उत्पादन कंपनीच्या डेस्कटॉपच्या यादीत एक नोंद दिसली. नाव ‘टेस्ट’पासून सुरू होणारं, ओनर कोरा, नातेसंबंधांच्या नकाशावर कुणाशी नातं नाही. डीकमिशनच्या यादीत ती आधीच गेली होती. खटकलं ते एवढंच, की डेस्कटॉपला कायमचा आयपी कशाला? डिस्कव्हरीने टिपलेली कनेक्शन्स उघडली तर त्याच्या २७००० नंबरच्या पोर्टवर डिझाइन विभागातली यंत्रं येऊन जात होती. अशा पोर्टवर सहसा लायसन्स देणारा प्रोग्रॅम बसलेला असतो. तिथल्या मुलाला फोन करून टेबलाखाली पाहायला सांगितलं. “मॅडम, धूळ आहे नुसती. मागे यूएसबीत एक डाँगल आहे, सेलोटेप लावलेलं.” हे यंत्र बंद झालं असतं तर डिझाइनवाल्यांचं सॉफ्टवेअर सकाळी उघडलं नसतं. शोधाच्या चौकटीत हे कधीच आलं नसतं, कारण ते कुणी विचारलंच नसतं.

नकाशाचं मात्र एक सांगायला हवं. नातेसंबंधांचा आलेख दाखवला की मीटिंगमधले सगळे खूश होतात. जितक्या रेघा तितकी माहिती पक्की, असा समज. मला रेघा पुसाव्या लागतात. डीएनएस, बॅकअप, मॉनिटरिंग यांचे सर्व्हर सगळ्यांशीच जोडलेले, त्यामुळे बिघाड कुठून पसरला हे त्यांच्या रेघांवरून काही कळत नाही. ते आधी लपवायचे, खोली दोन पायऱ्यांवर आणायची, आणि मग उरलेल्या प्रत्येक रेघेची दिशा तपासायची. हाताने टाकलेल्या नात्यांत ॲप डेटाबेसवर अवलंबून असण्याऐवजी डेटाबेस ॲपवर अवलंबून असल्याचं हमखास सापडतं. ड्रॉपडाउनमध्ये जो पर्याय वर होता तो निवडलेला.

ऑडिटर या सगळ्याकडे दुसऱ्या टोकाकडून येतात. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ला काढलेल्या सायबर सुरक्षेच्या परिपत्रकात यंत्रांची ताजी यादी ठेवायला सांगितलंय, त्यामुळे बँकेच्या कामात ते कधीही येऊन उभे राहतात. चांगला ऑडिटर माझी यादी मागतच नाही. महापेच्या डेटा सेंटरमध्ये जाऊन एखाद्या रॅकपुढे उभा राहतो, मधल्याच सर्व्हरचं बाहेर ओढायचं टॅग ओढतो, त्यावरचा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग वाचतो आणि म्हणतो, आता हा तुमच्या स्क्रीनवर दाखवा. नोंदीपासून यंत्राकडे जाताना नोंद नसलेलं यंत्र कधीच भेटत नाही. यंत्रापासून नोंदीकडे येताना भेटतं. मला असे ऑडिटर आवडतात. बॉसना आवडत नाहीत.

क्लाउड आल्यापासून तर काही यंत्रांचं आयुष्यच स्कॅनरच्या दोन फेऱ्यांमधल्या अंतरापेक्षा कमी झालंय. त्यांना नावावरून शोधण्यात अर्थ उरलेला नाही. टॅगवरून शोधायचं, आणि टॅगमध्ये एकाने ‘प्रॉड’ लिहिलेलं, दुसऱ्याने ‘प्रॉडक्शन’, तिसऱ्याने ‘पीआरडी’. आता साध्या इंग्रजी वाक्यात प्रश्न विचारायची सोयही आलीय. पेमेंटचे प्रॉडक्शनमधले सर्व्हर किती, असं विचारलं की ‘बेचाळीस’ असं सुबक उत्तर येतं. ते कुणी मोजले, कधी मोजले, हे त्या वाक्यात नसतं. खाली लिस्ट उघडायची लिंक असते. मी ती उघडते, डिस्कव्हरीच्या तारखेचा रकाना पुढे ओढते, जुने वर येतील असा लावते आणि वरच्या चार-पाच ओळींसाठी फोन करते. मगच आकडा पुढे पाठवते. बहुधा तो बेचाळीस नसतो.